इतिहासाच्या तासाला मुलं बोलत नाहीत, टिपणंही काढत नाहीत. सुरुवात कशी करू?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की खेड्यातल्या हायस्कुलात नुकत्याच रुजू झालात, चर्चा काढली की आठवीचा वर्ग गप्प बसतो आणि टिपणं काढा म्हटलं की ‘तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो’ असं उत्तर येतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात हाच विषय शिकवतो. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं.

तेव्हा बी.एड.चा ताजा जोश होता. वर्गात शिरलो आणि विचारलं, “१८५७ च्या लढ्याची कारणं कोणती? चर्चा करू या.” सगळ्यांच्या माना खाली. पहिल्या बाकावरच्या एका पोरानं पुस्तक उघडून कारणं घडाघडा वाचली आणि चर्चा संपली. ज्याचं उत्तर पुस्तकात आयतं पडलंय ते विचारलं की पोरांना ती तोंडी परीक्षाच वाटते. चुकलं तर हसं होणार, मग बोलायचं कशाला?

पुढच्या वेळी हजेरीच्या आधीच फळ्यावर लिहिलं: ‘अमेरिकेत भावाभावात भांडण, अन् आपल्या कापसाले भाव काउन चढला?’ वऱ्हाडीत मुद्दाम लिहिलं. वर्ग हसला, आणि हसलेला वर्ग बोलतो. शिवाय भाव चढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवलेला प्रत्येकानं पाहिलेला. “तिकडचा कापूस जळला असंन.” “पेरलाच नसंन, सारे लढाले गेले.” मी बरोबर-चूक काहीच म्हटलं नाही, जे आलं ते फळ्यावर टाकत गेलो. मग सांगितलं, १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. उत्तरेच्या आरमारानं कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशी त्याच कापसावर चालायच्या, म्हणून त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड तर १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलंच होतं. युद्ध संपलं १८६५ ला, भाव कोसळले, आणि बडनेऱ्यावरून नागपूरला रेल्वे पोचली १८६७ ला. मागून आवाज आला, “बजार उठल्यावर बंडी आली.” (बंडी म्हणजे बैलगाडी.) इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

आता टिपणांचं. बोलणं चालू असताना पेन खाली, हा माझा एकच कडक नियम. पेन हातात असलं की पोरगं ऐकत नाही, ‘सर, हे लिवाचं काय?’ एवढंच विचारत राहतं. बारा-पंधरा मिनिटं बोलणं, मग फळा पुसायचा, पुस्तकं बंद आणि पाच मिनिटं पूर्ण शांतता. पाच ओळी, स्वतःच्या शब्दांत. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल. शुद्धलेखनाला तेव्हा हात लावायचा नाही. खाली एक ओळ मोकळी, तिथे न कळलेला प्रश्न.

एका पोराची वही आठवते. ‘अमेरिकेचा कापूस बंद. गिरणी उपाशी. मंग वऱ्हाड.’ तीनच ओळी. शेजारच्या मुलीनं मोकळ्या ओळीत लिहिलं होतं, ‘भाव चढला त कोनाले भेटला?’ दुसऱ्या दिवशीचा तास त्या एका ओळीवर गेला. कापूस घेणारे व्यापारी, कर्ज देणारा सावकार, भाव पडल्यावरही तसंच राहिलेलं कर्ज, आणि तिथून १८७५ ला पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध झालेले दंगे. मी ठरवून इतकं जोडलं नसतं.

हे रोज करू नका. आठवड्यात दोन तास पुरे, नाहीतर अभ्यासक्रम मागे पडतो आणि मुख्याध्यापक विचारतात. पालकांचंही एकदा आलं की वहीत काहीच दिसत नाही, गाईडमधलं तरी लिहून द्या. मी चाचणीचा पेपर दाखवला. ‘सकारण स्पष्ट करा’ला पाच ओळीवाल्यांची उत्तरं तोडकी होती, पण त्यांची स्वतःची होती. प्रमाण भाषेत कसं मांडायचं ते परीक्षेच्या महिनाभर आधी वेगळं शिकवतो, ते जमतं.

टिपण बरं झालंय का, हे मी फारसं तपासत नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की अर्धा वर्ग वावरात असतो. परत आलेल्यांनी हजर असलेल्यांच्या वह्या वाचून तास भरून काढायचा, असं ठरवलंय. एक मुलगी आठ दिवसांनी आली, तिच्या हातात नेमकी ती तीन ओळींची वही पडली. “‘मंग वऱ्हाड’ म्हंजे काय रे?” तिनं भर वर्गात विचारलं. तो पोरगा उठला, फळ्यापाशी गेला आणि खडूनं एक बंदर काढून त्यावर फुली मारली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.