२३व्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा निघालाय, पुढे नॉर्मल जगता येईल का? कोणाकोणाला सांगू?

तू लिहिलंयस की वय २३, पुण्यात पहिलीच नोकरी, मानेतल्या गाठीची बायोप्सी हॉजकिन म्हणजे लिम्फच्या गाठींचा कॅन्सर अशी आलीय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू होणार आणि घरच्यांशिवाय अजून कोणालाच माहीत नाही. मला २४व्या वर्षी हाच झाला होता, आता तिशी जवळ आलीय, म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करते. मी डॉक्टर नाही, पेशंट म्हणून जे कळलं तेवढंच सांगते, औषधाचं काहीही तुझ्या डॉक्टरांना विचारूनच कर.

बरं होण्याचं आधी सांगून टाकते कारण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गुगल करत बसली असशील. हॉजकिन हा विशी-तिशीतल्या पोरापोरींनाच जास्त होणारा कॅन्सर आहे, मग एकदम पंचावन्नच्या पुढच्यांना, आणि बऱ्या होणाऱ्या कॅन्सरांमध्ये त्याचा नंबर बराच वर लागतो. लवकरच्या स्टेजला ९० टक्क्यांच्या आसपास लोक बरे होतात, पुढच्या स्टेजलाही चान्स चांगलेच असतात. डॉक्टर तुला म्हणतीलच, व्हायचाच होता तर हा झाला ते बरं. मलाही म्हणाले होते. खरंच आहे ते, पण ऐकताना असा राग येतो ना की विचारू नको. येऊ दे राग.

मला खरं बोलायचंय ते वेगळंच. आजाराकडे बघायला तिथे भरपूर माणसं असतात, तुझ्या वयाकडे बघायला कोणी नसतं. लहान मुलांसाठी बऱ्यापैकी सोयी आहेत, मुंबईत सेंट ज्यूडसारख्या संस्था मुलांना आईबापासकट फुकट राहायला जागा देतात, वॉर्डात खेळणी असतात, भिंतींवर चित्रं असतात. म्हाताऱ्या माणसांबरोबर मुलगा-सून कोणीतरी असतंच. आपण मधले. कॅन्सरच्या डॉक्टरी भाषेत १५ ते ३९ हा वेगळा गट धरतात म्हणे, पण ओपीडीच्या बाकावर बसल्यावर तो गट कुठे दिसत नाही, तिथे तू बाबांच्या शेजारी बसतेस आणि डॉक्टर बाबांकडे बघून बोलतात. म्हणून तुझ्या वयाचे प्रश्न तुलाच विचारावे लागणार आहेत, कोणी आपणहून काढणार नाही.

त्यातला सगळ्यात अर्जंट प्रश्न मुलं होण्याचा. हो, आत्ताच, केमोच्या आधी. मी पाळीबद्दल विचारायला गेले तर शिकाऊ डॉक्टरने विचारलं लग्न झालंय का, नाही म्हटल्यावर तो सरळ पुढच्या मुद्द्यावर गेला, आणि शेजारी बाबा बसलेले त्यामुळे माझीही जीभ रेटेना. पुढच्या वेळी मी बाबांना झेरॉक्स काढायला खाली पाठवलं आणि मोठ्या मॅडमना विचारलं. त्यांनी छान दहा मिनिटं काढून समजावलं. हॉजकिनला बहुतेकांना एबीव्हीडी नावाची चार औषधांची केमो देतात, तिच्याने अंडाशयाला धोका तसा कमी असतो, पण आजार उलटला आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटपर्यंत वेळ आली तर तो धोका खूप वाढतो. अंडी काढून फ्रीझ करायची तर इंजेक्शनं सुरू केल्यापासून साधारण दोन आठवडे जातात, खर्चही बराच होतो, आणि तेवढं थांबता येईल का ते तुझ्या गाठींच्या साइजवर ठरतं. काही जणींना केमोच्या काळात अंडाशय शांत ठेवायला महिन्याला एक इंजेक्शन देतात. यातलं तू काय करावंस ते मी सांगत नाही, करू नये असंही ठरू शकतं, पण ते तुला विचारून ठरावं. कोणी मुलगा हे वाचत असेल तर बाबा रे तुझं काम एक-दोन दिवसांत होतं, स्पर्म बँकेत सॅम्पल ठेवून ये, लाजू नकोस.

मला आधी बरेच महिने टीबीची औषधं चालू होती. आमच्या सांगलीकडे काय किंवा कुठेही काय, मानेला गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं म्हणजे टीबी, आणि बहुतेक वेळा तो असतोही, म्हणून त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. पण नुसती सुई घालून केलेल्या तपासणीत हॉजकिन सुटू शकतो कारण गाठीत त्याच्या खऱ्या पेशी अगदी थोड्या असतात, बाकी सगळी गर्दी साध्या पेशींची, म्हणून पूर्ण गाठ काढून तपासतात. तुझी बायोप्सी झालीय त्यामुळे तुला हे कामाचं नाही, पण टीबीची औषधं घेऊनही ज्याची गाठ वाढतेय, रात्री घामाने चादर भिजतेय, अंगाला विनाकारण खाज सुटलीय त्याने पूर्ण गाठ काढून तपासायचा आग्रह धरावा. गंमत म्हणजे खरं निदान झाल्यावरही आमच्या घरी पाहुण्यांना टीबीच सांगायचं ठरलं. आत्या आली की मी टीबीची पेशंट, गेली की कॅन्सरची. डोक्यावरचे केस गेल्यावरही आई म्हणे औषधं गरम पडली. आत्या काही खुळी नाहीये, तिला सगळं कळलं होतं, तीही आमच्यासाठी टीबीच म्हणत राहिली!

केमोचं फार लिहीत नाही, ज्याचं त्याचं वेगळं असतं. दर दोन आठवड्यांनी एक, डे केअरमध्ये, संध्याकाळी घरी. लाल औषध असतं त्यानंतर लघवी लालसर होते, घाबरू नको. एक बाटली उजेड लागू नये म्हणून झाकून आणतात, तिच्याने शीर जाम चरचरते, सिस्टरला स्पीड कमी करायला सांग, गप्प सहन करू नको. त्या चारातलं ब्लिओमायसिन नावाचं औषध चालू असताना खाजवायचं नाही, खाजवलं तिथे चाबकाच्या वळासारखे काळे पट्टे उठतात आणि महिनोन्महिने जात नाहीत, माझ्या पाठीवर अजून एक पुसट आहे. त्याच औषधामुळे फुप्फुसाची तपासणी करतात, कोरडा खोकला किंवा दम लागला तर लगेच सांगायचं. उलटीच्या गोळ्या आता चांगल्या आहेत, पण त्यांच्याबरोबरच्या स्टेरॉइडमुळे रात्रभर झोप येत नाही आणि पहाटे तीनला कांदाभजी खावीशी वाटतात. दोन सायकल म्हणजे चार केमो झाल्या की पेट स्कॅन (अंगात आजार कुठे उरलाय ते दाखवणारा) होतो आणि त्यात डोव्हिल नावाचा १ ते ५ असा स्कोअर येतो, १ ते ३ म्हणजे सहसा औषध लागू पडतंय. तो चांगला आला तर बऱ्याचदा पुढच्या केमोतून ब्लिओमायसिन काढून टाकतात, २०१६ला एका मोठ्या ट्रायलचा निकाल आला तेव्हापासून. स्कॅन झाल्यावर काही तास लहान बाळं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात, आमच्या वहिनीला तेव्हा सातवा चालू होता, मी आपली गच्चीवर बसून राहिले.

मला औषधापेक्षा जड गेलं ते परत लेकरू होणं. तू पण आत्ताच घरातून बाहेर पडलीयस ना, स्वतःचा पगार, स्वतःची खोली, रात्री अकराला मॅगी. आणि एकदम आई तुझ्या शेजारी झोपायला येते, डबा खाल्लास का, शी झाली का, कोणाचा फोन होता. बाबा माझी फाईल छातीशी धरून चालायचे, मला बघायला द्यायचे नाहीत, वाचून घाबरशील म्हणायचे. त्यांचंही बरोबरच होतं, पोरीला आजार झालाय आणि हातात धरायला फक्त फाईलच आहे. पण मी भांडून ती फाईल माझ्याकडे घेतली. प्रत्येक रिपोर्टचा फोटो फोनमध्ये, केमोची तारीख, रक्तातल्या पेशींचे काउंट किती होते, कुठल्या औषधाने काय त्रास झाला, सगळं माझ्या अक्षरात. पुढे डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले, कारण उत्तरं माझ्याकडे होती. भांडण मोठं झालं होतं, दोन दिवस बाबा बोलले नाहीत, तरी मी म्हणेन तू पण घे.

लोकांचं सांगते. युवराज सिंगचं नाव तुला इतक्या वेळा ऐकावं लागेल की तुला त्याचा कंटाळा येईल. २०११चा वर्ल्ड कप, मग कॅन्सर, मग परत मैदानात, सगळं खरं आहे आणि तो ग्रेटच आहे, पण त्याचा कॅन्सर वेगळा होता आणि आपल्याला मैदानात नाही उतरायचं, आपल्याला सोमवारी लॉगिन करायचंय. गोमूत्र, पपईच्या पानांचा रस, साखर बंद, अमक्या गावचे वैद्य, हे सगळं येणार. वाद घालू नको, डॉक्टरांना विचारते म्हण आणि विषय संपव. मित्रमैत्रिणींमधले काही गायब होतील, वाईट म्हणून नाही, काय बोलावं कळत नाही म्हणून. आणि एखादी अशी निघेल जिच्याकडून तुला काही अपेक्षा नव्हती, ती रोज एक फालतू मीम पाठवेल. तिला सांभाळ.

ऑफिसमध्ये सांग. सगळ्यांना नको, मॅनेजर आणि एचआरमधलं एक माणूस. कारण साधं आहे, कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असते तिच्यात बहुतेक वेळा आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, आणि नोकरी सोडलीस की ते कव्हर जातं. तुला वाटेल राजीनामा देऊन सुटूया, मलाही वाटलं होतं, पॉलिसीची कागदपत्रं वाचेपर्यंत देऊ नकोस. बिनपगारी रजा मिळते का बघ, केमोच्या दुसऱ्या आठवड्यात घरून काम जमतं बऱ्याच जणांना. मेडिक्लेम पुरत नसेल तर राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झालीय आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आता त्यात घेतलंय, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे विचार. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाणार असशील तर परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आधी चौकशी करून जा, गर्दी असते. रेल्वेत पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसी फुकट, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा फॉर्म घेऊन खिडकीवरच तिकीट काढायचं. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने असेच जायचो.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते. ट्रीटमेंट संपली, घरी सत्यनारायण झाला, पेढे वाटले, आणि त्यानंतर मी कोसळले. केमो चालू असताना काहीतरी चाललेलं असतं, दर दोन आठवड्यांनी कोणीतरी तपासतं. संपल्यावर एकदम सांगतात, तीन महिन्यांनी या. पहिली दोन वर्षं आजार उलटायची शक्यता जास्त म्हणून दर तीन महिन्यांनी बोलवतात बहुधा, नंतर अंतर वाढतं. या मधल्या काळात साधी सर्दी झाली तरी हात मानेकडे जातो. आणि सगळे म्हणत असतात, आता झालं ना सगळं, हस की जरा. त्यात धर्मशाळेत भेटलेली एक मुलगी, हाडाचा कॅन्सर, माझ्याहून लहान, ती त्याच वर्षी गेली. तिच्या आईचा मेसेज आला तेव्हा आमच्याकडे पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. माझा 'चांगला' कॅन्सर आणि तिचा वाईट, याचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही. मी कौन्सेलरकडे गेले, बरेच महिने, फायदा झाला. तुझ्या हॉस्पिटलमध्ये असतील तर केमोच्या दरम्यानच एकदा भेटून ठेव.

लग्नाचं तू विचारलं नाहीस, पण घरी त्याची काळजी सुरू झाली असेल, आमच्याकडे तर पहिल्या केमोच्या आधी झाली होती. माझा नियम, फोटो-पत्रिका पाठवायच्या आधी नाही, पण भेटायला यायच्या आधी सांगायचं, आणि आईने नाही, मी सांगायचं. काही जण तिथेच थांबले, एका घरातून निरोप आला पत्रिका जुळत नाही, जी आधी जुळली होती. एकाने मात्र शांतपणे विचारलं, तुला फॉलोअपला जायला सोबत लागते का. तिथेही जमलं नाही, त्याचं कारण वेगळं, त्याला नोकरी सोडून शेळीपालन करायचं होतं आणि मला पुणे सोडायचं नाही. म्हणजे बघ, नॉर्मल लोकांची जमत नाहीत तशीच माझीही जमत नाहीत. बहिणीच्या स्थळांना मात्र लोकांनी घरात कॅन्सर आहे म्हणून नाक मुरडलं, त्याचा मला जास्त त्रास झाला. हॉजकिन काही तसा घराण्यात उतरणारा आजार मानत नाहीत, हे मी किती जणांना सांगितलं असेल.

तर जगता येतं. मी नोकरी करते, दमते, भांडते, वर्षातून एकदा तपासणीला जाते आणि त्याच्या आदल्या आठवड्यात घरातल्यांशी नीट बोलत नाही, त्यांना सवय झालीय.

पुढच्या आठवड्याच्या आधी एक कर, डिजिटल थर्मामीटर घे आणि हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर आईबाबांच्या फोनमध्ये पण सेव्ह कर. केमोनंतर काउंट खाली असताना १००.४ किंवा त्याच्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्रीच निघायचं, रिक्षा मिळत नसेल तर शेजाऱ्यांना उठवायचं.