‘समाजवाद’ म्हणजेच ‘साम्यवाद’ का?

प्रश्न असा आहे: ‘समाजवाद’ आणि ‘साम्यवाद’ एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील का? आणि जुन्या पुस्तकांत भेटणारा ‘समाजसत्तावाद’ हा आणखी तिसरा प्रकार आहे का?

तिसऱ्याचा निकाल आधी लावू. समाजसत्तावाद म्हणजे समाजवादच. शब्द लांबलचक म्हणून मागे पडला, पण अर्थ त्यातच स्वच्छ होता: जमीन, खाणी, कारखाने या उत्पादनसाधनांवर सत्ता खासगी मालकाची नव्हे, समाजाची. ‘सत्ता’ गळाली आणि समाजवाद म्हणजे गरिबांविषयी कळवळा, असा पातळ अर्थ रुळला. मला ही मोठीच हानी वाटते.

साम्यवादाशी त्याचे नाते मात्र काळाप्रमाणे बदलत गेले. १८४८ च्या जाहीरनाम्याला मार्क्स-एंगल्स यांनी ‘कम्युनिस्ट’, म्हणजे साम्यवादी, म्हटले. का, ते एंगल्सने १८८८ च्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितले आहे: १८४७ मध्ये समाजवाद ही मध्यमवर्गाची चळवळ होती, कम्युनिझम कामगारांची. पुढे १८७५ मध्ये, जर्मन कामगार पक्षाच्या गोथा कार्यक्रमावरील टीकेत, मार्क्सने साम्यवादी समाजाच्या दोन अवस्था मांडल्या. पहिलीत कामाप्रमाणे मोबदला, वरच्या अवस्थेत गरजेप्रमाणे. पहिल्या अवस्थेला ‘समाजवाद’ हे नाव त्याने तिथे दिलेले नाही. तिला सर्वसाधारणपणे तसे म्हणतात, हे लेनिनने १९१७ मध्ये लिहिले. म्हणूनच सोव्हिएत संघाच्या नावात ‘समाजवादी’ आणि तिथल्या पक्षाच्या नावात ‘कम्युनिस्ट’ होते: देश पहिल्या टप्प्यावर, पक्षाचे ध्येय दुसरा टप्पा. या संदर्भात दोन्ही शब्दांची अदलाबदल केली तर वाक्य चुकते.

पश्चिम युरोपात शब्द वेगळ्याच वाटेने गेला. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या घटनेतील चौथे कलम पाहा. १९१८ च्या मसुद्यात उत्पादनसाधनांची सामायिक मालकी हे ध्येय होते, पण ‘समाजवाद’ हा शब्द त्यात नव्हता. १९९५ मध्ये ते कलम नव्याने लिहिले गेले. पक्ष ‘लोकशाही समाजवादी’ आहे असे शब्द आले आणि सामायिक मालकी गेली. नाव आले, आशय गेला, तोही एकाच कलमात!

म्हणून मजकुरात ‘समाजवाद’ दिसला की आधी विचारावे, मालकी कोणाची? सरकारने कर वाढवला, पेन्शन दिली, दवाखाने चालवले, एवढ्याने समाजवाद होत नाही. त्याला ‘कल्याणकारी राज्य’ हा नेमका शब्द आहे. राष्ट्रीयीकरणही पुरेसे नाही, कारण सरकारी मालकी म्हणजे समाजाचे नियंत्रण असेलच असे नाही. सहकारी आणि कामगारांच्या मालकीचे पुरस्कर्ते इथेच आक्षेप घेतात.

भाषांतरात सर्वाधिक घोळ होतो तो ‘लोकशाही समाजवाद’ आणि ‘सामाजिक लोकशाही’ यांचा. पहिल्यात मालकी बदलायची आहे, मतपेटीच्या मार्गाने. दुसरीत आज खासगी मालकी आणि बाजार राहतात, वर सामाजिक सुरक्षेचे कवच येते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या मजकुरात मात्र ‘सोशल डेमोक्रॅट’चा हा अर्थ लावू नये, लेनिनचा पक्षही १९१८ पर्यंत त्याच नावाने ओळखला जात होता.