निवेदनात 'दंतसेवा सुरू करा' एवढंच लिहू नका

ताई, तुमच्या ग्रामीण रुग्णालयात दातांची खुर्ची येऊन पडलीय, डॉक्टर नाहीत आणि महिला मंडळाच्या निवेदनावर जो तो 'पुढे पाठवलंय' म्हणतोय, हे वाचलं आणि राहवेना. आमच्याकडे सिंधुदुर्गात हेच. खुर्चीवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं, वर सलाइनचे खोके रचलेले, खुर्ची चालवायला लागणाऱ्या कॉम्प्रेसरचा पत्ता नाही. दाढ काढायला माणसं गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय नाहीतर कोल्हापूर गाठायची.

माहिती अधिकार वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. आम्हाला नडलं ते एक कार्यालय, नाव घेत नाही. आवकचा शिक्का मारायचे आणि सांगायचे, 'खालून प्रस्तावच नाही.' खाली विचारावं तर 'वरून मंजुरी नाही.' अख्खं आर्थिक वर्ष यात गेलं. अजून संताप होतो, कारण तोवर मशेरी, म्हणजे भाजलेली तंबाखू, लावणाऱ्या बायांच्या तोंडातले पांढरे चट्टे, जे कर्करोगाची पूर्वखूण असू शकतात, कुणी पाहिलेच नाहीत.

तुम्ही निवेदन जिल्हा परिषदेला दिलंत. प्राथमिक आरोग्य केंद्र त्यांचं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे येतं. तिथे द्या आणि मागणी नेमकी करा: दंतशल्यचिकित्सकाचं पद मंजूर आहे का, रिक्त कधीपासून, कॉम्प्रेसर कुठे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. त्यातून उपकरणं, माणसं, साहित्य मिळू शकतं, पण राज्याने आपल्या पीआयपीत, म्हणजे दिल्लीला जाणाऱ्या आराखड्यात, मागितलं तरच. तो तयार होत असतानाच मागे लागायला हवं. मंजूर झाल्यावर मोर्चा काढून फार हाती लागत नाही, असं माझं मत. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. तुमच्या जिल्ह्यात थोडं वेगळं असू शकेल.

पुढाऱ्याकडे एकट्या जाऊ नका. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली त्यामागे टाटा रुग्णालयाचे डॉक्टर आणि खुद्द कर्करुग्ण उभे होते. पेशंट समोर बसला की साहेबांना फाईल बाजूला सारता येत नाही.

मशेरीचं मात्र अवघड आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? म्हणून निवेदनात एक ओळ वाढवाच. तिशीपुढच्या सगळ्यांची मुखकर्करोग तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे; तुमच्या उपकेंद्रात प्रत्यक्ष किती बायांचं तोंड तपासलं, हा आकडा लेखी मागा.