प्रश्न तुमचे: खेळातल्या भाषा आणि बोली

प्रश्न : आम्ही पाच जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन बोलत खेळायचा खेळ खेळतो. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ सालच्या पुस्तकातले, आणि खेळ चालवण्याचे काम माझ्याकडे असते. ‘कॉमन’ ही सामाईक भाषा प्रत्येक पात्राला येत असल्यामुळे एल्विश, ड्वार्व्हिश या एल्फ आणि ड्वार्फ अशा काल्पनिक जमातींच्या भाषा कागदावरच राहतात. एखादा शिलालेख सापडला, तरी आमची जादूगार ‘कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस’ हा मंत्र म्हणते आणि विषय तिथेच संपतो. कॉमन भाषा काढूनच टाकावी का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : कृपा करून काढू नका. ती काढली की ज्याच्या पात्राला समोरच्याची भाषा येत नाही, तो खेळाडू तासभर नुसता बसून राहतो, आणि जो खेळ मुळात बोलण्यावरच चालतो त्यात याहून मोठी शिक्षा नाही. त्याऐवजी कॉमनला बाजाराची भाषा माना. भाव, वाट, हवामान, धमकी एवढे तिच्यात नीट सांगता यावे. शपथ, न्यायनिवाडा, प्रार्थना आणि घरातले भांडण मात्र ज्याच्या त्याच्या भाषेतच व्हावे, असा घरचा नियम करा. कॉमन बोलणाऱ्या पाहुण्याला ड्वार्फ मंडळी जेवू घालतील, पण पंचांच्या बैठकीत त्याला बोलू देणार नाहीत.

दुसरे असे, की भाषा ‘येते’ किंवा ‘येत नाही’ या दोनच खणांत बसवू नये. गर्प्स या खेळाच्या २००४ सालच्या आवृत्तीत तुटकी, परक्या वळणाची आणि मातृभाषेसारखी अशा पायऱ्या आहेत, शिवाय बोलणे आणि वाचणे यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला आहे. ही पद्धत तुमच्या टेबलावर सहज चालेल. लिपीचाही उपयोग करा. २०१४च्या पुस्तकात जायंट, नोमिश, गॉब्लिन आणि ऑर्क या चारही भाषा ड्वार्व्हिश लिपीत लिहिल्या जातात. म्हणजे तुमच्या ड्वार्फला गॉब्लिनांचा फलक मोठ्याने वाचता येईल, पण अर्थ लागणार नाही. आपण देवनागरीतले नेपाळी वर्तमानपत्र वाचू लागलो तर आपले जे होते, तेच.

आता मंत्राकडे वळू. तो पहिल्या पातळीचा आहे, तासभर टिकतो, आणि दहा मिनिटे जास्त देऊन विधी म्हणून केला तर स्लॉटही, म्हणजे मंत्र म्हणण्याच्या मोजक्या संधींपैकी एकही, खर्च होत नाही; त्यामुळे जादूगार तो वारंवार वापरणार, आणि त्यात तिची काहीच चूक नाही. परंतु नियमातले शब्द नीट वाचा. या मंत्राने ऐकलेल्याचा शब्दशः अर्थ कळतो, उलट बोलता मात्र येत नाही. आणि लिहिलेले वाचायचे तर त्या पृष्ठभागाला हात लावावा लागतो आणि एका पानाला साधारण मिनिट जाते. ‘शब्दशः’ या एका शब्दात तुम्हाला हवे ते सगळे आहे. समजा, ड्वार्फांचा म्हातारा सरदार हळू आवाजात म्हणाला, “दहा वर्षे झाली, आम्ही त्याला पाण्यात पाहतो.” जादूगाराला पाणी कळेल आणि पाहणे कळेल, आणि ती बिचारी तळ्याकडे निघेल. ज्याच्या पात्राला ड्वार्व्हिश मातृभाषेसारखी येते, त्या खेळाडूला मात्र तुम्ही चिठ्ठीवर खरा अर्थ लिहून द्यायचा, की ही माणसे त्याचा द्वेष करतात. मंत्र वाया जात नाही आणि भाषा शिकलेल्याचेही चीज होते. दर बैठकीला असे दोन वाक्प्रचार आधी तयार ठेवले तरी पुरे.

प्रश्न : आमचा डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, गावकरी आणि गॉब्लिन यांचे संवाद मालवणी किंवा वऱ्हाडी ढंगात म्हणतो. सगळे हसतात, पण मी मालवणचा असल्यामुळे मला ते लागते. बोलीभेद दाखवण्याचा दुसरा मार्ग आहे का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्हाला लागते हे अगदी रास्त आहे आणि ते त्याला स्पष्ट सांगा. घरात, देवळात, दशावतारात जी बोली माणसे जिवापाड जपतात, ती केवळ मूर्ख किंवा खलपात्रांच्या तोंडी घालणे हा अन्याय आहे, मग घालणाऱ्याच्या मनात काही नसले तरी. खऱ्या बोली वापरायच्याच असतील तर राणीलाही मालवणी बोलू द्या आणि पंडितालाही वऱ्हाडी.

माझ्या मते बोली उच्चारापेक्षा शब्दांतून दाखवावी. आपल्याकडे ‘उतार’ म्हणजे चढाच्या उलट तो उतार, आणि नदी पायी ओलांडण्याची जागा हाही उतारच. तुमच्या काल्पनिक खोऱ्यातले लोक या शब्दाचा नदी ओलांडण्याची जागा एवढाच अर्थ धरतात आणि खाणीतले लोक खाली जाणाऱ्या भुयाराला उतार म्हणतात, असे ठरवा. मग “रात्री उताराशी थांबा” असा निरोप आल्यावर तुमची मंडळी नदीकाठी कुडकुडत बसतील आणि मदत खाणीच्या तोंडाशी वाट पाहत राहील. इथे कोणाची नक्कल नाही, कोणी मूर्खही ठरत नाही, आणि दोन गावांमधले अंतर खेळाडूंच्या अंगावर येते. प्रत्येक प्रदेशाला असे तीन-चार शब्द द्या. त्याहून जास्त कोणाच्या लक्षात राहत नाहीत. बोली एकमेकींना कितपत कळाव्यात याचा नमुना पुस्तकातच आहे : प्रायमॉर्डियल भाषेच्या अ‍ॅक्वन, ऑरन, इग्नन आणि टेरन या चार बोली असून एक येणाऱ्याला बाकीच्या समजतात.

प्रश्न : खेळात नवी भाषा शिकायला किती काळ धरावा?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : २०१४च्या नियमांत २५० दिवस आणि रोजचे एक सोन्याचे नाणे लागते. २०१७च्या पुरवणी पुस्तकात हाच काळ दहा आठवड्यांवर आणला आहे. पात्राच्या बुद्धीच्या मॉडिफायरइतके (बुद्धीच्या गुणांवरून मिळणाऱ्या अधिक-उणे आकड्याइतके) आठवडे त्यातून वजा होतात आणि आठवड्याला २५ नाणी पडतात. मी दुसरा हिशेब घेईन, पण पहिल्या तीन आठवड्यांनंतर तुटकी भाषा देऊन टाकेन, म्हणजे शिकणाऱ्याला पुढच्याच मोहिमेत ती वापरता येईल.