सत्तर टक्के बचत, पण कशाच्या?

प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरात एक निवृत्त शिक्षक, त्यांच्या पत्नी आणि त्यांच्या 88 वर्षांच्या आई राहतात. मुलगा जर्मनीत असतो. त्याच्या घरी हीट पंप, म्हणजे घर तापवणारे विजेचे यंत्र, बसल्यापासून वडिलांनीही तो बसवावा असा त्याचा आग्रह आहे. तिथल्याच एका विक्रेत्याने चार खोल्या आणि गरम पाणी मिळून 6 लाख 40 हजारांचे भावपत्र दिले असून ‘हीटिंगच्या बिलात सत्तर टक्के बचत’ असे लिहून दिले आहे. पैसे उभे करायला दोन मार्ग त्यांच्या डोळ्यांपुढे आहेत: पोस्टातले ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे 10 लाखांचे खाते मोडणे, किंवा विक्रेत्यामार्फत 12 टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज. पेन्शन महिना 46 हजार.

काका, तुमचे पत्र दोनदा वाचले. आईंच्या पायांना रात्रभर ऊब येत नाही, म्हणून पहाटे उठून तुम्ही त्यांचे तळवे चोळता, हे वाचून थांबले. म्हणून आधीच सांगते, आईंच्या खोलीसाठी पैसे खर्च करा, याच हिवाळ्यात करा. पण 6 लाख 40 हजार नाही, आणि पोस्टाच्या खात्याला हात न लावता.

विक्रेता खोटे बोलत नाही. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी ऊब मिळते. तुमच्या ऑइल हीटरमध्ये एका युनिटाला एकच युनिट. सत्तर टक्के तिथून येतात आणि ते बरेचसे खरे आहेत. प्रश्न एवढाच की कशाचे सत्तर टक्के.

तुम्ही पाठवलेली बिले ऑक्टोबरशी ताडून पाहिली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मिळून थंडीपायी जास्तीचे गेले सुमारे 14 हजार रुपये. शेवटच्या टप्प्यातला तुमचा दर 8 रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे 1,750 युनिटे. याचे सत्तर टक्के म्हणजे 9,800 रुपये. वर्षाचे एवढेच, कारण आपल्याकडे खरी थंडी दोन-सव्वादोन महिन्यांची. तेही आज जेवढ्या खोल्या तापवता तेवढ्याच तापवल्या तर. चारही खोल्यांत नळ्या फिरल्या की चारही खोल्या तापवल्या जातात आणि बचत आणखी खाली येते.

आता दुसरे पारडे. तुमचे खाते नोव्हेंबर 2023 चे, दर 8.2 टक्के, पाच वर्षांसाठी पक्का. दर तिमाहीला 20,500 रुपये येतात. या योजनेत खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, मुदतीआधी पैसे हवे असतील तर सगळे खाते बंद करावे लागते. दोन वर्षे उलटल्यामुळे मुद्दलाचा 1 टक्का कापतील, म्हणजे 10 हजार. उरलेल्या रकमेचे नवे खाते उघडता येईल, पण त्या दिवशी जो दर असेल त्याने. आणि 6 लाख 40 हजारांवरचे वर्षाचे 52,480 रुपये व्याज कायमचे थांबेल. 9,800 वाचवण्यासाठी 52 हजारांचे उत्पन्न सोडायचे, हे मी तुम्हाला कसे सांगू?

कर्जाचे तर बोलायलाच नको. हप्ता 14,236 रुपये, पाच वर्षांत परतफेड साडेआठ लाखांच्या वर. पेन्शनचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका यंत्राला बांधून टाकायचा, आणि त्याच घरात 88 वर्षांचे माणूस आहे, दवाखान्याचा खर्च कधीही उभा राहू शकतो.

मुलाचेही चुकत नाही. जर्मनीत घर तापवण्याचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल चालतो. शिवाय 2024 पासूनच्या नियमांत तिथे सरकार खर्चाच्या 70 टक्क्यांपर्यंत अनुदान देते. तुमच्या भावपत्रात अनुदानाची ओळ नाही. त्याला हे दोन फरक दाखवा, तो रागावणार नाही.

मी सांगते ते असे. तुम्हीच जोडलेल्या दुसऱ्या भावपत्रात ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर एसी आहे, फिटिंग आणि स्टॅबिलायझरसह 54 हजारांचा. हाही हीट पंपच, फक्त एका खोलीचा. आईंच्या खोलीतला ऑइल हीटर रात्रीला साधारण 14-15 युनिटे घेतो, हा पाचेक घेईल. रात्रीचे 80 रुपये, 65 रात्रींचे 5,200. म्हणजे मोठ्या यंत्रणेतून जी बचत होणार होती तिच्या निम्म्याहून जास्त, आणि पैसे तिच्या बाराव्या हिश्शाएवढे. शिवाय मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा हेच यंत्र आईंना गार हवा देईल. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, भावपत्र जुने असेल तर नवे मागून घ्या. पैसे आज बचत खात्यातून द्या आणि पुढच्या तीन तिमाह्यांचे व्याज, 61,500 रुपये, तिथे परत भरा. मुद्दल जागच्या जागी राहील.

गरम पाण्याचा हीट पंप, 95 हजारांचा, सोडून द्या. तिघांना दिवसाला 120 लिटर धरले तर गिझर सव्वाचार युनिटे घेतो, पंप दीडच्या आसपास. दिवसाला 22 रुपये वाचतील, तेही चार महिने. उन्हाळ्यात तर आपल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात भाजेल इतके तापलेले असते! वसतिगृहात किंवा हॉटेलात, जिथे रोज हजारो लिटर पाणी लागते, तिथे हाच पंप चांगला व्यवहार ठरतो.

बसवण्याकडे मात्र बारीक लक्ष द्या, कारण बरेच मेकॅनिक हे यंत्र फक्त गार करायचे समजून बसवतात. एसीची गरम करण्याची क्षमता बाहेर 7 अंश असताना मोजलेली असते. बाहेर 2 अंश असताना किती मिळेल, ते लेखी मागा. जानेवारीत आपला सरासरी किमान पारा सहा-सातच्या घरात असतो, थंडीच्या लाटेत त्याहून खाली जातो. बाहेरचे युनिट घराच्या आतल्या चौकात कोंडू नका, मोकळ्या हवेत लावा. खाली पाण्याचा निचरा ठेवा, हिवाळ्यात पाणी बाहेरच्या युनिटातून गळते. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून हवा काढली की नाही, ते समोर उभे राहून बघा. विजेचा मंजूर भार, अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून आधीच तपासून घ्या.

धुक्याच्या रात्री एक गोष्ट घडेल, ती आईंना आधी सांगून ठेवा. बाहेरच्या युनिटवर दव गोठते आणि ते वितळवायला यंत्र काही मिनिटे गरम हवा थांबवते, बाहेर वाफ निघते. काही जळत नसते. गरम हवा वर जाते म्हणून झडप खाली वळवा, पण झोत थेट पलंगावर नको. 21-22 अंशांवर ठेवा. तुमच्या दगडी भिंती आणि पटियांचे (लांब दगडी फरशांचे) छत तापायला वेळ घेतात, म्हणून रात्री दहाला नाही, संध्याकाळी पाचला सुरू करा. एकदा भिंती उबल्या की यंत्र हळू चालते.

आणि काका, दार लावून सिगडी ठेवणे आजपासून बंद करा. पत्रात तुम्ही ते सहज लिहून गेलात. कोळशाचा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळत नाही. पैशांचा हिशेब नंतर, हे आधी.

मुलगा पैसे पाठवायचे म्हणतो आणि तुम्हाला घ्यायला संकोच वाटतो, तर छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेकडे दोघांनी मिळून बघा. 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान मिळते, आणि ती यंत्रणा दिवसाला सरासरी 12 युनिटांच्या आसपास वीज देते, तीही बाराही महिने. पटियांच्या छतावर सांगाडा उभा करण्याआधी मात्र छताचा भार जाणकाराकडून तपासा, आणि भोके पाडू देऊ नका, पावसाळ्यात गळती लागते.

भावपत्राची मुदत महिनाअखेरीस संपते म्हणून घाई करू नका, ती संपू द्या. आज रात्री आईंच्या खोलीत पंखा बंद करून एक उदबत्ती लावा आणि खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या खालून, हळूहळू फिरवा. धूर जिथे वाकतो तिथून थंडी आत येते. हार्डवेअरच्या दुकानात फोमची चिकटपट्टी मिळते, ती तिथे लावा. एसी बसवणारा माणूस येण्याआधी एवढे झालेले असू द्या.