लाल चेरी श्रिंप (घरच्या मत्स्यटाकीत पाळतात ती गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी) टाकीत आल्यावर फिक्या का पडतात? दोष जातीचा की पाण्याचा?

आधी थोडं थांबा. प्रवासाच्या ताणाने श्रिंप फिक्या पडतातच, आठवडा-दोन आठवड्यांत बराच रंग परत येतो. नर तर कायमच मादीपेक्षा फिके असतात, त्यामुळे फिकी दिसतेय ती मादी आहे ना, हे पाहून घ्या.

रंगाची कमाल मर्यादा आनुवंशिकता ठरवते. चेरीचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळ रानटी रूप तपकिरी, जवळजवळ पारदर्शक. लाल, पिवळा, निळा हे सगळे पिढ्यानपिढ्या निवड करून पक्के केलेले रंग. म्हणून वेगवेगळे रंग एका टाकीत ठेवू नका, एवढं मनापासून सांगते. त्यांचा संकर होतो आणि काही पिढ्यांत पिल्लं पुन्हा तपकिरीकडे झुकतात. एकाच रंगाच्या टाकीतही फिकी पिल्लं वेळीच वेगळी काढावी लागतात.

त्या मर्यादेपर्यंत रंग पोहोचतो की नाही, हे टाकीवर अवलंबून. त्यांच्या त्वचेखालच्या रंगपेशींमधलं रंगद्रव्य परिसरानुसार पसरतं किंवा आक्रसतं. पांढऱ्या वाळूवर त्या फिकटतात, काळ्या तळावर गडद होतात. फरक खरंच डोळ्यांत भरतो. लाल रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड्स (लाल-पिवळी नैसर्गिक रंगद्रव्यं) त्यांना शरीरात मुळापासून बनवता येत नाहीत, ती शेवाळातून किंवा स्पिरुलिनासारख्या खाद्यातूनच मिळतात. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा व उरलेल्या खाद्यातून तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्य हवं, तापमान २० ते २६ अंश सेल्सिअस पुरेसं.

मात्र अंगातलं मांस दुधासारखं पांढरं दिसू लागलं तर तो रंगाचा प्रश्न नाही, आजाराचं लक्षण असू शकतं. ती श्रिंप लगेच वेगळी ठेवा.