साडेदहा इंची नळी, फुकटचा स्टॉक आणि एच-१बी व्हिसा

प्रश्न : मी डॅलसजवळ राहतो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. टेक्सासचा शिकारीचा परवाना काढलाय. दुकानात साडेदहा इंची नळीचं, ब्रेस (मनगटाजवळ हाताला बांधायचा आधार) लावलेलं एआर पिस्तूल (एआर-१५ रायफलीच्या धर्तीचं आखूड हत्यार) पसंत पडलं. मित्र त्याचा जुना स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) आणि पुढे धरायची उभी मूठ फुकट देतोय. ‘टॅक्स शून्य झालाय, बिनधास्त लाव,’ म्हणतो. लावू का?

उत्तर : नाही. पिस्तूल घ्या, पण त्या दोन वस्तू घरातसुद्धा आणू नका.

अमेरिकेत १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे खांद्याला टेकवून झाडायची ती रायफल. तिची नळी १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर आधी नोंदणी लागते. तुम्ही पाहिलेलं हत्यार एका हाताने झाडायला बनवलंय, म्हणून ते पिस्तूल. ब्रेस काढून स्टॉक सरकवणं हे मिनिटभराचं काम आहे. पण तो बसला की तुमच्या हातात बिननोंदणीची आखूड रायफल असते आणि त्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे.

मित्र सांगतो ते अर्धंच खरं आहे. १ जानेवारी २०२६पासून या नोंदणीवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला, नोंदणी मात्र कायम आहे. फॉर्म १ (नोंदणीचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो आणि मग मंजुरी. ती हाती येईपर्यंत स्टॉकला हात लावायचा नाही. स्टॉक नुसता कपाटात ठेवला तर? तुमच्याकडे १६ इंची रायफल नाही, म्हणजे त्या स्टॉकचा कायदेशीर उपयोगच नाही. सुट्या भागांवरून गुन्हा कधी धरता येतो, हे १९९२मध्ये थॉम्पसन सेंटर खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गाजलं होतं. त्या वादात तुम्ही कशाला पडता?

उभ्या मुठीचंही तेच. एकूण लांबी २६ इंचांच्या आत असताना ती लावली, तर पिस्तुलाचा वर्ग बदलतो आणि पुन्हा नोंदणी लागते. लांबी मोजताना ब्रेस धरत नाहीत. तिरकी पकड चालते, तीच घ्या.

ब्रेसवर निर्बंध घालणारा २०२३चा नियम टेक्सासच्याच फेडरल न्यायालयाने जून २०२४मध्ये रद्द केला. मूळ कायदा जागेवर आहे, म्हणून ब्रेस कंपनीने दिलाय तसाच ठेवा.

मला खरी काळजी तुमच्या व्हिसाची आहे. बिननोंदणीचं हत्यार बाळगण्याचा गुन्हा इमिग्रेशन कायद्यात ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे अतिगंभीर गुन्हा ठरतो. नागरिक असलेला मित्र शिक्षा भोगून घरी येईल. तुम्हाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतील आणि ग्रीन कार्डाची वाट जवळपास बंद होईल. एच-१बीवाल्याला मुळात बंदूक बाळगायला मनाई आहे. तुम्हाला सूट आहे ती केवळ त्या शिकारीच्या परवान्यामुळे. तो परवाना साधारणपणे ३१ ऑगस्टला संपतो. बहुतेक जण खरेदीपुरता काढतात आणि विसरतात. १ सप्टेंबरला घरातलं पिस्तूलच गुन्हा होऊन बसतं. नवा परवाना ऑगस्टमध्येच काढा, जुन्याची प्रतही जपून ठेवा. दुकानात बंदूक घेताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न येतो, तिथे खरं तेच लिहा.

स्टॉकच हवा असेल तर सरळ १६ इंची नळीची रायफल घ्या. आणि नोकरीसाठी कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीला जायची वेळ आली, तर सामान बांधण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा. टेक्सासमध्ये चालणारी ही जोडणी तिथे चालत नाही.